बिअर प्यायल्यावर अंगावर पित्त उठते? आधी ग्लासाच्या आजूबाजूला पाहा

ठाण्यात पाचपाखाडीच्या एका औषध दुकानात मी गेली बावीस वर्षे काउंटरवर उभा आहे. सोमवारी सकाळी येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी एखादा तरी मान खाजवत, आवाज खाली आणून हमखास म्हणतो, "काका, बिअरची ॲलर्जी झालीय, सेट्रिझिनची एक पट्टी द्या." गटारीनंतर, धुळवडीनंतर आणि ३१ डिसेंबरनंतर तर अशांची रांग लागते. पट्टी देऊन मोकळे होणे सोपे असते, पण तोच माणूस महिन्याभराने तीच तक्रार घेऊन परत येतो, कारण गोळीने खाज दबते आणि कारण जागच्या जागी राहते. म्हणून पट्टी देण्याआधी मी काही प्रश्न विचारू लागलो आणि त्या प्रश्नांचा एक क्रम ठरत गेला, तो येथे लिहीत आहे. मी औषधविक्रेता आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे माझ्या क्रमाला एक हद्द आहे, आणि ती कोठे येते हेही पुढे स्पष्ट सांगितले आहे.

लक्षणे

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार त्वचेची असते. मान, छाती, पोट आणि मांड्यांवर गांधी उठतात, म्हणजे डास चावल्यासारखे लाल, उंचावलेले आणि प्रचंड खाजणारे चट्टे येतात आणि काही तासांत जागा बदलत विरून जातात. दुसरी तक्रार चेहऱ्याची. खाज नसते, पण पहिल्या अर्ध्या ग्लासातच गाल, कान आणि डोळे लालबुंद होतात, छाती धडधडते आणि अंगातून वाफा निघाल्यासारखे वाटते. तिसरी नाकाची : एकामागून एक शिंका येतात किंवा दोन्ही नाकपुड्या एकदम चोंदतात, आणि दम्याच्या जुन्या रुग्णांना त्यासोबत छातीत घरघर सुरू होते. चौथी पोटाची, म्हणजे फुगणे, मुरडा, पातळ शौच किंवा छातीत जळजळ. याखेरीज डोके ठणकणे आहेच. आणि काही जण चक्क पायाचा अंगठा सुजून आला तरी त्याला बिअरची ॲलर्जी म्हणतात. अंगठ्याचा निकाल लगेच लावून टाकतो : मध्यरात्री अंगठ्याच्या सांध्यात आग झाली आणि चादरीचा स्पर्शही सहन होईना, तर तो बहुधा गाउट असतो. बिअरमध्ये प्युरिन असतात, त्यांनी युरिक ॲसिड वाढते, आणि त्यासाठी ॲलर्जीची गोळी घेऊन काहीही होत नाही.

यात आपल्या भाषेचाही एक घोळ आहे. मराठीत 'पित्त' हा शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो : अंगावर उठते तेही पित्त, घशाशी आंबट येते तेही पित्त आणि अर्धे डोके दुखून उलटी होते तेही पित्त. "काल बिअर झाली आणि पित्त झाले" असे सांगणाऱ्याला मी म्हणूनच आधी विचारतो की ते पित्त अंगावर होते, घशात होते की डोक्यात. निम्म्या वेळा तेथेच कळते की ही ॲलर्जी नाही, रिकाम्या पोटी घेतलेली बिअर आणि तिने वाढवलेली जठरातील आम्लता आहे.

आता हद्दीची पहिली खूण. ओठ, जीभ किंवा पापण्या सुजणे, घसा आवळल्यासारखा वाटणे, आवाज घोगरा होणे, श्वास घेताना शिटी वाजणे, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येणे, किंवा गांधींसोबत वारंवार उलट्या होणे, यांपैकी काहीही एकदा जरी झाले असेल, तर खालील एकही तपासणी घरी करून पाहू नये. अशा माणसाने बिअर पूर्ण थांबवून थेट शेवटच्या दोन भागांकडे जावे.

पहिली तपासणी : घड्याळ आणि कागद

हिला एक पैसा लागत नाही, आणि म्हणूनच ती कोणी करत नाही. पुढच्या वेळी नव्हे, मागच्या वेळी काय झाले ते आठवून लिहायचे आहे. किती वाजता पहिला घोट घेतला, किती वाजता पहिली खाज आली, आधीच्या चार तासांत काय खाल्ले, कोणती गोळी घेतली, काय श्रम केले आणि त्रास किती वेळ टिकला. गांधींचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर उत्तमच, कारण तुम्ही डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत त्या गेलेल्या असतात.

वेळेला महत्त्व का, तर खरी ॲलर्जी सहसा काही मिनिटांत ते दोन तासांत प्रकट होते. शरीराने एखाद्या प्रथिनाविरुद्ध आयजीई प्रकारची प्रतिपिंडे तयार ठेवलेली असतात आणि ते प्रथिन रक्तात येताच पेशींतून हिस्टामिन हे खाज आणि सूज आणणारे रसायन बाहेर पडते, त्यामुळे फार वाट पाहावी लागत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पोट बिघडणे किंवा सकाळी डोके धरणे या क्रमात बसत नाही. तसेच दर वेळी त्रास होतो की पाच वेळांतून एकदाच, हेही लिहावे. पाचांतून एकदा होत असेल तर त्या एका दिवशी बिअरशिवाय आणखी काहीतरी वेगळे होते, आणि तेच शोधायचे आहे.

दुसरी तपासणी : खिशातील पट्टी

माझ्या काउंटरवर सर्वाधिक गुंते येथेच सुटतात. गेल्या आठवड्याभरात घेतलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या, रिकाम्यासुद्धा, समोर ठेवाव्यात.

जुलाबांसाठी किंवा दाढ दुखते म्हणून घेतलेल्या गोळ्यांत मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल असेल, तर त्यावर मद्य घेऊ नये असे वेष्टनावरच लिहिलेले असते. चेहरा लाल होणे, मळमळ, धडधड आणि डोकेदुखी हा त्याचा ठरलेला नमुना. मेट्रोनिडाझोलच्या बाबतीत या प्रतिक्रियेचा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही असे मानणारे संशोधक आहेत, तरी सूचना अजून कायम आहे आणि मीही तीच सांगतो : शेवटच्या गोळीनंतर मेट्रोनिडाझोलला किमान दोन दिवस आणि टिनिडाझोलला तीन दिवस थांबावे. रुग्णालयात सेफोपेराझोनची इंजेक्शने झाली असतील, तर त्यांनीही असाच त्रास होतो. घरी आल्याच्या आनंदात पहिली बिअर उघडणाऱ्यांना हे कोणी सांगितलेले नसते.

यामागील यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. यकृतात अल्कोहोलचे आधी ॲसिटाल्डिहाइड होते आणि मग त्याचे निरुपद्रवी ॲसिटेट होते. दुसरी पायरी करणारे एन्झाइम अडले की ॲसिटाल्डिहाइड रक्तात साचते आणि माणूस लालबुंद होतो. पूर्व आशियातील अनेकांत हे एन्झाइम जन्मतःच दुबळे असते. आपल्याकडे ते क्वचित आढळते. डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध नेमकी हीच पायरी मुद्दाम अडवते. लोकल ट्रेनच्या डब्यात 'दारू सोडवा, पेशंटच्या नकळत' असे कागद चिकटवलेले असतात, ते ठाणेकरांना नव्याने सांगायला नको. घरच्यांनी कोणाच्या नकळत आमटीत असे काही मिसळले असेल, तर तो माणूस शपथेवर सांगेल की त्याला अचानक बिअरची ॲलर्जी झाली आहे. शेवटच्या मात्रेनंतरही दोन आठवड्यांपर्यंत परिणाम राहू शकतो, आणि हृदयाचा विकार असलेल्या माणसाच्या तो जिवावर बेतू शकतो. म्हणून चाळिशीपुढच्या माणसाला अचानक असा त्रास सुरू झाला, तर मी आडून आडून घरच्यांनाही प्रश्न विचारतो. एका वहिनींनी हा प्रश्न ऐकताच पर्स घट्ट धरली होती. मी त्यांना दोष दिला नाही. ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाच्या संमतीनेच का द्यायचे असते, एवढेच समजावले.

आणखी तीन पट्ट्या पाहाव्यात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा ॲस्पिरिन यांसारखी वेदनाशामके काही लोकांत स्वतःच गांधी उठवतात, आणि इतर कशाची सौम्य ॲलर्जी असेल तर ती भडकवतात. रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल, तर ओठ किंवा जीभ खाज नसताना सुजणे हा त्या गोळीचा परिणाम असू शकतो, अगदी महिनोन्‌महिने ती व्यवस्थित चालल्यानंतरसुद्धा. बिअर तेथे फक्त जवळपास सापडलेली असते. हा त्रास ॲलर्जीच्या गोळीने आवरत नाही, आणि गोळी बदलण्याचा निर्णय डॉक्टरांचा असतो. मेटोप्रोलोलसारखी बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके आवरणारी गोळी चालू असेल, तर ती डॉक्टरांना आवर्जून सांगावी, कारण तीव्र ॲलर्जीवर दिलेले औषध अशा माणसात नीट लागू पडत नाही.

तिसरी तपासणी : चकण्याची ताटली

बिअर एकटी क्वचितच प्यायली जाते. शेंगदाण्यांची ॲलर्जी उघड असते, ती माणसाला लहानपणापासून ठाऊक असते असे आपण धरून चालतो. मात्र मोठेपणी नव्याने सुरू होणाऱ्या ॲलर्जींत कोळंबी, खेकडे आणि शिंपल्यांचा क्रम वरचा आहे. "मी तर लहानपणापासून कोळंबी खातो" हे उत्तर म्हणून मी पुरावा मानत नाही. धुळीतील सूक्ष्म कीटकांची ॲलर्जी असलेल्यांना कोळंबीचाही त्रास होऊ शकतो, कारण दोघांत एकसारखे प्रथिन असते.

माशांचा दुसरा प्रकार ॲलर्जी नसूनही हुबेहूब तिच्यासारखा दिसतो. बांगडा, सुरमई, टूना यांसारखे मासे पकडल्यानंतर बर्फाविना राहिले, तर त्यांत जिवाणू हिस्टामिन तयार करतात, आणि हे हिस्टामिन तळून किंवा शिजवून नष्ट होत नाही. असा तुकडा खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात चेहरा तापतो, जीभ मिरे चावल्यासारखी चुरचुरते, डोके ठणकते आणि गांधी उठतात. ओळखण्याची खूण सोपी आहे : त्या ताटलीतून खाल्लेल्या आणखी कोणाला तसेच झाले का, ते फोन करून विचारावे. ॲलर्जी एका माणसाची असते, शिळा बांगडा सगळ्या टेबलाचा असतो. वर बिअर असेल तर भर पडते, कारण आतड्यात हिस्टामिन मोडणाऱ्या एन्झाइमच्या कामात अल्कोहोल अडथळा आणते, शिवाय बिअरमध्ये आंबवताना तयार झालेले थोडे हिस्टामिन स्वतःचे असतेच.

म्हणून तपासणी अशी की बिअर न घेता तीच ताटली पूर्वी कधी खाल्ली होती आणि तेव्हा काय झाले होते, ते आठवावे. आठवत नसेल तर मुद्दाम खाऊन पाहण्याची घाई करू नये.

चौथी तपासणी : बाटलीवरचा आकडा, आणि ग्लिसरीनचा समज

बिअर शॉपीमधून घेतलेल्या बाटलीवर अल्कोहोलचे प्रमाण छापलेले असते, ते वाचावे. ६५० मिलीलिटरच्या ७ टक्क्यांच्या स्ट्राँग बाटलीत सुमारे ३६ ग्रॅम अल्कोहोल असते. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलीलिटरच्या पेगमध्ये ते सुमारे २० ग्रॅम असते. म्हणजे "मी दारू पीत नाही, फक्त एक बिअर घेतो" म्हणणाऱ्याने पावणेदोन मोठे पेग घेतलेले असतात. लाली, धडधड, सकाळची डोकेदुखी आणि चोंदलेले नाक यांची मोठी संख्या एवढ्यावरच उलगडते, कारण अल्कोहोल स्वतः रक्तवाहिन्या फुलवते. नाकात मांसल वाढ आणि दमा असलेल्या, ॲस्पिरिन न चालणाऱ्या लोकांना तर कोणत्याही मद्याने नाक आणि छातीचा त्रास होतो, तेथे बिअरला वेगळा दोष देता येत नाही.

येथे ग्लिसरीनविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडील बिअरमध्ये ग्लिसरीन घालतात, त्यानेच डोके दुखते आणि अंग खाजते, असा समज ठाण्यापासून पनवेलपर्यंत पक्का आहे. उघडलेली बाटली पाण्याच्या ग्लासात उलटी धरून 'ग्लिसरीन काढून टाकणारे' मी एका लग्नाच्या गच्चीवर स्वतः पाहिले आहेत. बाटलीच्या तोंडातून तेलकट दिसणारी एक धार वळसे घेत पाण्यात उतरते आणि मंडळी समाधानाने माना डोलावतात. उतरते ती बिअरच असते. तिच्यात विरघळलेल्या उरलेल्या शर्करांमुळे ती पाण्यापेक्षा किंचित जड असते, म्हणून खाली जाते आणि तिच्या जागी पाणी वर बाटलीत शिरते. ग्लिसरॉल बिअरमध्ये असतोच, लिटरला एक-दोन ग्रॅम. तो यीस्ट आंबवताना स्वतः बनवते आणि एवढ्या प्रमाणात तो कोणाला खाजवत नाही. या प्रयोगाने मिळते ती पाणी घातलेली बिअर. तिने त्रास थोडा कमी झाल्यासारखे वाटले, तर त्याचे कारणही तेच.

पाचवी तपासणी : कोणती बिअर, आणि तिच्यात काय

यासाठी थोडी पदरमोड आणि बरेच वाचन लागते. साध्या लागर बिअरमध्ये सातूचे, म्हणजे जवाचे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), हॉप्स (कडवटपणा देणारी फुले), यीस्ट आणि पाणी असते, आणि आपल्याकडे अनेकदा तांदूळ, मका किंवा साखरही असते. मायक्रोब्रुअरीत मिळणारी धुकट व्हीट बिअर मात्र वेगळी. जर्मन पद्धतीच्या व्हीट बिअरमध्ये माल्टचा निम्मा किंवा अधिक भाग गव्हाचा असतो आणि ती न गाळता देतात, म्हणून यीस्टही ग्लासात उतरते. बेल्जियन पद्धतीच्या बिअरमध्ये गव्हाबरोबर संत्र्याची साल आणि धणे असतात. "बिअर चालत नाही" म्हणणाऱ्याला मी विचारतो की कोणती. पुष्कळदा उत्तर येते की बाटलीतील चालते, त्या हॉटेलातील पिचर चालत नाही. तसे असेल तर संशय गहू, यीस्ट, धणे किंवा साल यांच्याकडे वळतो. क्वचित तो न धुतलेल्या नळ्यांकडेही वळतो, पण त्यांनी पोट बिघडते, गांधी सहसा उठत नाहीत.

पदार्थ टिकवण्यासाठी वापरतात त्या सल्फाइटला लोक फार घाबरतात. ते प्रमाण किलोला १० मिलीग्रॅम किंवा अधिक असेल तर आपल्याकडील नियमांनुसार ते लेबलवर जाहीर करावे लागते. बिअरमध्ये ते बहुधा कमी असते, वाइनमध्ये आणि सुक्या जर्दाळूत जास्त. वाइनने आणि सोनेरी दिसणाऱ्या सुक्या जर्दाळूने छाती भरून येत असेल तरच बिअरच्या बाबतीत सल्फाइटचा विचार करावा.

खऱ्या बिअर-ॲलर्जीत सर्वांत जास्त दोषी ठरणारा घटक सातूतील एक प्रथिन आहे, ज्याला लिपिड ट्रान्सफर प्रोटीन म्हणतात. बहुतेक प्रथिने उकळल्यावर बिघडतात. हे टिकून राहते, माल्ट भाजला, वर्ट म्हणजे त्याचा गोड काढा उकळला, सर्व आंबवून गाळले तरी ग्लासात येते. ग्लासाच्या काठावर फेसाची जी जाळी चिकटून राहते, ती धरून ठेवण्यात याच प्रथिनाचा वाटा असतो. त्याचे भाऊबंद मक्यात आणि पीच या फळाच्या सालीजवळ असतात, त्यामुळे मक्याचे कणीस किंवा पीच खाल्ल्यावर ओठांना खाज येते का, हा प्रश्न वाटतो तितका विचित्र नाही.

यावरून दोन बिनखर्चाच्या तुलना निघतात. पहिली, हॉर्लिक्ससारख्या माल्ट घातलेल्या पेयाने कधी काही झाले आहे का. सातूच्या पिठाने काही होत नाही, असे सांगणाऱ्यांनी डब्यावरचा मजकूर वाचावा, कारण आपल्याकडे त्या नावाने मिळणारे पीठ पुष्कळदा गहू आणि डाळ्याचे असते आणि सातू त्यात नावापुरताही नसतो. दुसरी, पूर्वी कधी व्होडका किंवा व्हिस्की घेतली असेल तेव्हा काय झाले होते. ऊर्ध्वपातनात, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड करताना, प्रथिने मागे राहतात, म्हणून बिअरने गांधी आणि व्होडकाने काहीच नाही, असे असेल तर धान्य किंवा यीस्ट दोषी; दोन्हींनी सारखीच लाली येत असेल तर अल्कोहोल स्वतः दोषी. बिनअल्कोहोलची बिअर हा सुरक्षित मार्ग आहे, असे समजून ती घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तिच्यातही सातूचे माल्ट असते, त्यामुळे धान्याच्या ॲलर्जीला ती बिअरइतकीच चालत नाही.

सीलिॲक हा आजार वेगळा आहे. त्यात गहू आणि सातूतील ग्लूटेनने आतड्याचे अस्तर खराब होते आणि त्रास मिनिटांत न दिसता आठवड्या-महिन्यांत साचत जातो, म्हणजे वजन घटते, रक्त कमी होते, शौच पातळ राहते. अशाने सातू-गव्हाची कोणतीही बिअर 'थोडीशी' म्हणूनही घेऊ नये.

सहावी तपासणी : त्या दिवशी अंगाला किती घाम आला होता

ही तपासणी मला एका गिऱ्हाइकाने शिकवली. ऐरोलीत राहणारा, तिशीतला मुलगा. तीन महिन्यांत चार वेळा आला. मोबाइलमध्ये पाठीचे फोटो, पाठ पूर्ण भरलेली. रोजची औषधे नाहीत, मासे खात नाही, बाटलीतील लागर चालते, व्हीट बिअरही कधी चालते आणि कधी नाही. त्याचा कागद मी काउंटरवर पसरला तेव्हा चारही तारखा बुधवारच्या निघाल्या. बुधवारी तो टर्फवर दीड तास फुटबॉल खेळत असे, जाण्याआधी दोन वडापाव खाई, गुडघ्यासाठी वेदनाशामक घेई आणि खेळून झाल्यावर मित्रांसोबत व्हीट बिअर. इतर दिवशी तोच पाव आणि तीच बिअर निमूट पचत होती.

गव्हातील ग्लायडिन नावाच्या एका विशिष्ट प्रथिनाची ॲलर्जी अशी असते की नुसत्या गव्हाने काही होत नाही, पण गव्हासोबत श्रम, वेदनाशामक किंवा मद्य आले की प्रतिक्रिया उठते, कारण या गोष्टींनी आतड्यातून प्रथिन जास्त प्रमाणात रक्तात शिरते. येथे तिन्ही एकत्र आले होते. आगरी-कोळी हळदीत रात्री दोन वाजेपर्यंत नाचणे, वर बिअर आणि कोळंबी, आणि पाय दुखतात म्हणून गोळी, हेही तसेच समीकरण आहे. म्हणून ही तपासणी शेवटी ठेवली असली, तरी 'कधी होते, कधी नाही' म्हणणाऱ्यांनी ती आधी करावी. या मुलाला मी गोळी दिली नाही, ॲलर्जीतज्ज्ञांकडे पाठवले. चौथ्या फोटोत ओठही सुजलेला दिसत होता, आणि तेथे माझे काम संपले होते.

घरच्या प्रयोगांना कोठे थांबावे

'आज थोडी घेऊन पाहतो, काही झाले तर गोळी आहे' किंवा 'आधीच गोळी घेऊन बसतो' हे दोन्ही मार्ग मी गिऱ्हाइकांना ठामपणे नाकारतो. सेट्रिझिन खाज दाबते. घशाची सूज आणि रक्तदाब घसरणे ती थांबवू शकत नाही. आधीच घेतलेली गोळी पहिला इशारा झाकून टाकते आणि माणूस आणखी दोन ग्लास पितो. वर झोप वाढते, ती पाम बीच रोडवर दुचाकी चालवताना नको असते. स्टिरॉइडच्या गोळ्या मागणारेही येतात; त्या गोळ्यांना काम करायला काही तास लागतात आणि चिठ्ठीशिवाय मी त्या देत नाही.

गांधी दुसऱ्यांदा उठल्या, त्रास दर वेळी वाढत असेल, दमा असेल, किंवा वरील सर्व तपासूनही कारण सापडत नसेल, तर ॲलर्जीतज्ज्ञांना दाखवावे. ते त्वचेवर टोचून करायची चाचणी करतील. काही वेळा तुम्ही प्यायलेली नेमकी तीच बिअर सोबत आणायला सांगतात, म्हणून नाव लिहून ठेवावे. त्या चाचणीआधी पाच ते सात दिवस सेट्रिझिनसारख्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर निकाल खोटा 'ठीक' येतो. सातू, गहू, मका यांसाठी रक्तातील विशिष्ट आयजीई तपासता येते. सीलिॲकची रक्तचाचणी करायची असेल, तर ती होईपर्यंत पोळी-पाव बंद करू नये, कारण ग्लूटेन थांबवल्यावर तीही खोटी 'ठीक' येते. एका रक्तात दोनशे पदार्थांची आयजीजी तपासणी करून देतो अशा जाहिरातींवर मात्र पैसे घालवू नयेत. आयजीजी ही आयजीईहून वेगळी प्रतिपिंडे आहेत, ती बहुतेक वेळा तुम्ही तो पदार्थ खाता एवढेच सांगतात, आणि मी अशा अहवालाच्या जोरावर भात, दूध आणि वांगी सोडलेली माणसे पाहिली आहेत.

एक दुर्मीळ लक्षण लिहून ठेवतो, कारण ते कोणी विचारत नाही : मद्य घेतल्यावर थोड्याच वेळात मानेतील किंवा काखेतील गाठ दुखू लागत असेल, तर डॉक्टरांना लवकर दाखवावे. तो लसिका ग्रंथींच्या एका कर्करोगाचा इशारा असू शकतो.

श्वास, घसा किंवा शुद्धी बिघडली तर

१०८ ला फोन करावा. माणसाला आडवे करून पाय उंच ठेवावेत. श्वास लागत असेल तर टेकवून बसवावे, पण उभे करून चालवत रिक्षापर्यंत नेऊ नये, रक्तदाब घसरलेला असताना उभे केल्यावर माणूस कोसळू शकतो. उलटी करवू नये, लिंबूपाणी, ताक किंवा गोळी तोंडात कोंबू नये. येथे उपयोगी पडते ते ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, प्रौढाला साधारण अर्धा मिलीग्रॅम, आणि जितके लवकर तितके चांगले. स्वतः टोचून घ्यायचे तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाहीत. तज्ज्ञांनी इंजेक्शन जवळ ठेवायला सांगितले, तर ते भरायचे आणि टोचायचे कसे, हे त्यांच्यासमोर हाताने करून शिकून घ्यावे.

रुग्णालय निवडताना नाव बघत बसू नये. शुक्रवारी रात्री घोडबंदर रोडवर गायमुखपासून कापूरबावडीपर्यंत गाड्या कशा तुंबतात ते सर्वांना माहीत आहे, म्हणून २४ तास आपत्कालीन विभाग चालू असलेले सर्वांत जवळचे ठिकाण कोणते, हे आजच पाहून ठेवावे. पोहोचल्यावर पहिले वाक्य "बिअर जास्त झाली" असे सांगू नये. तसे ऐकले तर सगळे नशा समजून बसतात. "ॲलर्जीची प्रतिक्रिया आहे, इतक्या वाजता सुरू झाली, ही औषधे चालू आहेत" असे सांगावे आणि मद्य घेतले आहे हे त्यानंतर लगेच, न लपवता सांगावे. प्रतिक्रियेनंतर पहिल्या काही तासांतच घेतलेल्या रक्तात ट्रिप्टेज (ॲलर्जीच्या वेळी पेशींतून बाहेर पडणारा पदार्थ) तपासले, तर ही खरोखर ॲलर्जी होती का हे कळायला मदत होते, त्याविषयी विचारावे. बरे वाटले तरी लगेच घरी निघू नये, कारण काही तासांनी लक्षणे दुसऱ्यांदा उठू शकतात. ऐरोलीचा तो मुलगा आता फुटबॉलच्या दिवशी खेळण्याआधी आणि नंतर काही तास गहू खात नाही, गुडघ्यासाठी पट्टा बांधतो, आणि त्याच्या पाकिटात लायसन्सच्या मागे तज्ज्ञांनी लिहून दिलेली चिठ्ठी घडी करून ठेवलेली आहे.